‘दिलेला नमुना’ कुणी दिला? : भूरसायनाच्या प्रयोगवहीची एक समीक्षा

विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, समीक्षा करायची तर कादंबरीची करावी, नाटकाची करावी. प्रयोगवहीची कसली समीक्षा? पण असं बघा. चंद्रपूर-गडचिरोलीतला एखादा मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी.ला भूशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेते. तीन-चार वर्षांत ती स्वतःच्या हाताने सगळ्यात जास्त काय लिहिते? निबंध नाही, पत्र नाही. प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड लिहिते. त्यावर शिक्षकांची सही होते, परीक्षकांची सही होते, गुण पडतात, आणि मग ते कपाटात जातं. इतकं लिहिलं जाणारं आणि इतकं तपासलं जाणारं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. तरी ते कुणी वाचत नाही. सही करणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज आपण ते वाचू. भूरसायनाची उपकरणं मुलांना कशी शिकवली जातात, हे त्या वहीतून जितकं स्वच्छ कळतं तितकं अभ्यासक्रमाच्या कागदावरून कळत नाही.

आधी वहीची बाजू मांडू या. हेतू, साहित्य, तत्त्व, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष, दक्षता ही सात खणांची मांडणी वाईट नाही. ती शिस्त लावते. एकाने केलेलं दुसऱ्याला पुन्हा करता यावं, हा विज्ञानाचा पाया तिच्यात आहे. आणि ही घडण कुणा एका विद्यापीठाची नाही. इथली महाविद्यालयं आधी नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती, २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, पण सात खणांची वही देशभर आहे तशीच इथेही आहे. तेव्हा आमचा रोख कुणा एका संस्थेवर नाही. रोख आहे तो एका शब्दावर.

पहिल्याच ओळीत तो शब्द भेटतो. ‘दिलेल्या पाण्याच्या नमुन्यातील फ्लोराइडचे प्रमाण काढणे.’ ‘दिलेल्या खडकाच्या नमुन्यातील लोहाचे प्रमाण काढणे.’ दिलेल्या! कुणी दिला? कुठून आणला? कधी भरला? बाटली काचेची होती की प्लास्टिकची? वहीत याला जागा नाही. नमुना आकाशातून पडतो, टेबलावर येतो, यंत्रात जातो आणि आकडा होऊन बाहेर येतो. विद्यार्थ्याचं काम मधल्या भागापुरतं. म्हणजे भूरसायनातलं ‘भू’ वहीच्या बाहेर राहिलं आणि आत फक्त यंत्र आलं.

आता ही वही कोणत्या जमिनीवर लिहिली जाते ते पाहा. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट. वर्धा नदीच्या खोऱ्यात गोंडवाना काळातले कोळशाचे थर. राजुरा-कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यांना पुरणारा चुनखडक. पूर्वेकडे अतिप्राचीन नाइस आणि ग्रॅनाइट. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं हेमेटाइट. पार दक्षिणेला सिरोंच्याजवळ वडधमला डायनासोरचे जीवाश्म. भूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली निम्मी प्रकरणं एका एसटीच्या प्रवासात दिसतात. अशा ठिकाणी ‘दिलेला’ नमुना वापरावा लागतो, हे नवल आहे.

आणि हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही. या दोन जिल्ह्यांत आकड्यांवर गोष्टी ठरतात. एखादं बोरिंग प्यायला योग्य की अयोग्य, हे आकड्यावर ठरतं. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीची, प्रकल्पाची जनसुनावणी होते, तेव्हा जाड अहवाल येतो आणि त्यात पाण्याची, मातीची, हवेची पानंच्या पानं कोष्टकं असतात. मंडपात बसलेल्या गावकऱ्यांपैकी ती कोष्टकं वाचू शकेल असा कुणी असेल, तर तो बहुतेक आपल्याच महाविद्यालयातून शिकून गेलेला असेल. टेबलाच्या पलीकडे, नमुने गोळा करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेला असेल, तोही आपलाच. या दोघांनाही आपण शिकवलं काय? ‘दिलेला नमुना’. मग अहवालात जे दिलेलं आहे ते एक जण निमूट लिहून देतो आणि दुसरा निमूट मान्य करतो.

फ्लोराइडची गोष्ट

एक उदाहरण सविस्तर घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या नोंदी सरकारी भूजल अहवालांत आहेत. भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं, लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या. त्यापुढे वर्षानुवर्षं प्यायल्यास दातांवर डाग पडतात आणि हाडं-सांधे धरतात. म्हणजे १.४ आणि १.६ यांतला फरक एखाद्या गावासाठी फार मोठा आहे.

महाविद्यालयात फ्लोराइड साधारण दोन पद्धतींनी मोजतात. पहिली रंगाची, स्पॅड्न्स पद्धत. झिर्कोनियम आणि एक रंगद्रव्य मिळून लाल रंग तयार होतो. फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. किती फिका, ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५७० नॅनोमीटरला पाहायचं. सोपं आहे, स्वस्त आहे. पण या पद्धतीची सरळ रेष सुमारे १.४ मिलिग्रॅमला संपते. लक्षात आलं का? आपल्याला ज्या १.५ ची काळजी आहे, तो आकडा रेषेच्या जरासा पलीकडे आहे. मुलाचं वाचन रेषेबाहेर गेलं की तो काय करतो? पट्टी लावून रेष पुढे ओढतो आणि २.३ लिहितो. करायला काय हवं? नमुना दुप्पट-चौपट पातळ करून पुन्हा मोजायला हवा. पण वहीच्या ‘कृती’त ही पायरी नसेल तर ती त्याला सुचणार कुठून? आणि परीक्षकाला २.३ दिसतं, रेष कुठे संपली ते दिसत नाही.

दुसरी पद्धत इलेक्ट्रोडची. इथे यंत्र आधी मिलीव्होल्ट मोजतं आणि त्यावरून प्रमाण काढतं. फ्लोराइडच्या बाबतीत १ मिलीव्होल्टची चूक म्हणजे प्रमाणात सुमारे ४ टक्क्यांची चूक. पाच मिलीव्होल्ट सरकले की १.५ चं १.२ होतं किंवा १.८ होतं. म्हणजे बोरिंग सुरू की बंद, हे पाच मिलीव्होल्टवर आलं. आता चंद्रपूरचा उन्हाळा आठवा. पारा ४५ च्या वर. प्रमाण दसपट झालं की इलेक्ट्रोडचा व्होल्टेज २५ अंशांना सुमारे ५९ मिलीव्होल्टने बदलतो, ४० अंशांना ६२ ने. सकाळी गारव्यात कॅलिब्रेशन केलं आणि दुपारी पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत नमुने मोजले, तर यंत्र बिघडलेलं नसताना आकडा बिघडतो. वहीच्या ‘दक्षता’ या खणात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘तापमान स्थिर ठेवावे.’ मुलं ते घोटून लिहितात. तापमान स्थिर राहिलं नाही तर कोणत्या गावाचं काय होतं, हे त्या वाक्यात नाही. परिणाम न सांगता दिलेली दक्षता म्हणजे देवळाबाहेरची ‘चपला इथे काढाव्या’ची पाटी. पाळायची म्हणून पाळायची.

याच प्रयोगात टायसॅब नावाचं एक द्रावण घालतात. वहीत ओळ असते, ‘टायसॅब मिसळावे.’ का? कारण पाण्यात अ‍ॅल्युमिनियम किंवा लोह असेल तर फ्लोराइड त्याला चिकटून बसतं आणि इलेक्ट्रोडला मोकळं फ्लोराइडच दिसतं. टायसॅब त्याला सोडवतं आणि पीएच ५ ते ५.५ च्या आसपास धरून ठेवतं. आता आपल्या शेजारच्या नागपूरच्या नीरी संस्थेने शोधलेलं नळगोंडा तंत्र आठवा. त्यात फ्लोराइड काढायला तुरटी आणि चुना वापरतात. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं. त्यातलं थोडं शुद्ध केलेल्या पाण्यात उरलं आणि मोजणाऱ्याने टायसॅब घालायचं टाळलं, तर फ्लोराइड आहे त्यापेक्षा कमी दिसणार. स्पॅड्न्समध्येही अ‍ॅल्युमिनियम आकडा खाली ओढतं. म्हणजे चुकीच्या मापनाने शुद्धीकरण जास्त यशस्वी ठरतं! हे मुलांना एका तासात दाखवता येतं. ठाऊक प्रमाणाचं फ्लोराइड घ्या, चिमूटभर तुरटी टाका, एकदा टायसॅबशिवाय मोजा, एकदा घालून मोजा. दोन आकडे शेजारी ठेवा. त्यानंतर ‘टायसॅब मिसळावे’ ही ओळ पाठ करावी लागत नाही.

बाटलीतच हरवलेलं लोह

दुसरं उदाहरण लोहाचं. ज्यांच्या बोरिंगच्या पाण्यात लोह आहे त्यांना ते यंत्राशिवाय कळतं. पाणी येतं तेव्हा स्वच्छ असतं, तासाभराने गढूळ-तांबूस होतं, हंड्याच्या बुडाला थर बसतो. हे सगळं रसायन घरातल्या बाईला रोज दिसतं. जमिनीखाली प्राणवायू नसतो, तिथे लोह विरघळलेलं आणि बिनरंगी असतं. वर येऊन हवा लागली की ते गंजाच्या रूपात खाली बसतं.

आता विद्यार्थी बाटली भरतो, दोन दिवस वसतिगृहाच्या खिडकीत ठेवतो, सोमवारी प्रयोगशाळेत नेतो. वरचं निवळ पाणी पिपेटने घेतो. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनसारखं लाखो रुपयांचं यंत्र सांगतं, लोह जवळजवळ नाही. यंत्र खोटं बोललं का? मुळीच नाही. त्याला जे पाणी दिलं, त्यात लोह नव्हतंच. ते बाटलीच्या बुडाला होतं. हे टाळायचं तर पंप आधी काही मिनिटं चालवायचा, पाणी जागच्या जागी बारीक गाळणीतून गाळायचं आणि नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणायचा. आणि गाळायचं की नाही, हेसुद्धा प्रश्नावर अवलंबून. विरघळलेलं लोह हवं असेल तर गाळा; माणूस प्यायल्यावर पोटात जे जातं ते सगळं हवं असेल तर न गाळता आम्ल टाका. एकाच पंपाचे दोन बरोबर आकडे असू शकतात. ‘दिलेला नमुना’ म्हणणाऱ्या वहीत एवढा विचार शिरायला फट नाही.

आकडे भांडतात, ते बरं असतं

वहीचा दुसरा दोष असा की तिच्यात कधीच वाद होत नाही. तीन वाचनं घेतली तर तिन्ही जवळजवळ सारखी. एखादं वेगळं आलं तर खोडलं जातं. शाई न फुटलेलं, खाडाखोड नसलेलं रेकॉर्ड म्हणजे चांगलं रेकॉर्ड.

प्रत्यक्षात मोजमापाचं जग असं गोडीगुलाबीचं नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने दोन खडकांची पूड केली, एक ग्रॅनाइट आणि एक डायाबेस. त्यांना जी-१ आणि डब्ल्यू-१ अशी नावं दिली आणि तीच पूड अनेक नामवंत प्रयोगशाळांना वाटली. १९५१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले आणि जाणकार चपापले. एकाच पुडीचे आकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त विखुरले होते. त्या लाजेतूनच भूरसायनात ठाऊक प्रमाणाचे संदर्भनमुने प्रत्येक मापनासोबत वापरायची शिस्त रुजली. आज आपल्याकडेही दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ नावाने असे प्रमाणित पदार्थ काढते.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या घरचाच कोळसा घ्या. खाणीत भरताना त्याचं उष्मामूल्य मोजतात, वीजकेंद्रात उतरवताना पुन्हा मोजतात, आणि दोन आकडे जुळत नाहीत. त्यावर प्रतवारी ठरते, प्रतवारीवर पैसे. हा तंटा इतका वाढला की नमुने घेण्यासाठी सीएसआयआरच्या सिंफरसारख्या त्रयस्थ संस्थेला मध्ये आणावं लागलं. भांडण कशाचं होतं? नमुना वाघिणीच्या वरून घेतला की आतून, त्यात ओलावा किती होता, कोणत्या ओलाव्यावर आकडा काढला. २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र ज्या गावाच्या वेशीवर आहे, तिथल्या मुलांना हा वाद प्रयोगशाळेत शिकवता येतो. लागतं काय? वजनकाटा, ओव्हन, मफल फर्नेस आणि क्रुसिबल. पाच गटांना एकाच ढिगातला कोळसा त्यांच्या पद्धतीने उचलू द्या, राखेचं प्रमाण काढू द्या आणि पाच उत्तरं फळ्यावर मांडा. मग विचारा, खरं कोणतं?

‘पण आमच्याकडे यंत्रच नाही’

हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनला बहुधा एकेका मूलद्रव्याचा वेगळा दिवा लागतो, अ‍ॅसिटिलीनची टाकी लागते. आयसीपीला आर्गॉन लागतो. वीज जाते. दुरुस्तीचा माणूस नागपूरहून, कधी पुण्याहून यायचा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी यंत्रांचं शिक्षण म्हणजे दर्शन झालं आहे. सहल काढायची, मोठ्या संस्थेत जायचं, काचेपलीकडचं एक्सआरएफ पाहायचं, फोटो काढायचा, रेकॉर्डमध्ये आकृती काढायची. दर्शनाने उत्साह येतो, हे मान्य. पण दर्शनाने हात तयार होत नाही.

आमचं म्हणणं आहे की उपकरण या शब्दाचाच अर्थ आपण फार महाग करून ठेवला आहे. गडचिरोलीचंच उदाहरण बघा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक श्वासमापक बनवला. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणीने बाळाचे श्वास मोजून निर्णय घ्यावा, यासाठी तो होता. ते पूर्ण उपकरण आहे. त्यात मोजायची गोष्ट ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, कुठल्या आकड्यापुढे काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि वापरणाऱ्याला आतलं सगळं कळतं. आपल्या पदवीधराला पीएच मीटरबद्दल इतकं कळतं का, हा प्रश्न आम्ही स्वतःला आणि तुम्हाला विचारतो.

मग वहीत काय बदलायचं?

नवीन यंत्र येईपर्यंत थांबायची गरज नाही. वहीपासून सुरुवात करता येईल.

पहिलं, ‘दिलेला’ हा शब्द काढून टाका. त्या जागी नमुन्याची कुंडली येऊ द्या. गाव, पंप, तारीख, वेळ, पंप किती मिनिटं चालवला, बाटली कशाची, आम्ल टाकलं की नाही, कुणी भरलं, कुणी आणलं. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली का, हे तिथेच कळेल.

दुसरं, नमुन्याला एकटं पाठवू नका. त्याच्यासोबत चार सोबती द्या : नुसतं शुद्ध पाणी म्हणजे ब्लँक, त्याच नमुन्याची दुसरी बाटली, ठाऊक प्रमाणाचं द्रावण, आणि मुद्दाम ठरावीक मात्रा वाढवलेला नमुना. वाढवलेली मात्रा परत मिळाली नाही, तर मूळ आकड्यावर विश्वास का ठेवायचा?

तिसरं, एका महाग मापनाभोवती चार स्वस्त मापनं ठेवा. फ्लोराइडसोबत पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि वाहकता मोजा. जिथे कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त, तिथे फ्लोराइड पाण्यात टिकून राहतं; हा भूरसायनातला सुंदर धागा मुलांच्या हाती स्वतःच्या आकड्यांतून येईल. पूर्ण विश्लेषण केलं असेल तर धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का ते पाहा. हा ताळा कागदावर होतो, त्याला वीज लागत नाही.

चौथं, खाडाखोडीला मान द्या. वेगळं आलेलं वाचन एका रेघेने काटा, पुसू नका आणि शेजारी कारण लिहा. सात खणांत आठवा खण घाला, ‘शंका’. परीक्षकाने त्या खणाला गुण द्यावेत.

पाचवं, भाषा. इथल्या वर्गात मराठी बोलणारी मुलं आहेत तशी गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली बोलणारीही आहेत. रेकॉर्ड मात्र बहुधा इंग्रजीत, कर्मणी प्रयोगात, जुन्या वहीवरून उतरवलेलं. ज्याने नमुना भरला त्याचं नाव वाक्यात येतच नाही. रेकॉर्ड इंग्रजीत राहू द्या, हरकत नाही. पण शेवटी अर्धं पान विद्यार्थ्याच्या भाषेत असावं. ज्यांच्या बोरिंगचं पाणी आहे त्यांना काय सांगाल, किती खात्रीने सांगाल?

यावर एक रास्त भीती व्यक्त होते : मुलांच्या आकड्यांनी गावात घबराट होईल. म्हणूनच ‘किती खात्रीने’ हा प्रश्न. महाविद्यालयाचा आकडा हा निवाडा नाही, इशारा आहे. संशयाचा नमुना अर्धा करून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा, खडकाचा असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’सारख्या सशुल्क सुविधेकडे. आय-स्टेम पोर्टलवर देशातली अशी यंत्रं शोधता येतात. आणि उत्तर आलं की ते आपल्या आकड्याशेजारी वहीत चिकटवावं, जुळो न जुळो. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्काला श्रेयांक आहेत. तेव्हा वेळ कुठून आणायचा, ही अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

हे सगळं केलं तर रेकॉर्ड जाड होईल, अस्वच्छ होईल, तपासायला जास्त वेळ लागेल. ते आम्हाला मान्य आहे. पण पुढच्या जनसुनावणीत कोष्टक वाचलं जाईल, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारेल, ‘साहेब, हा नमुना कोणत्या महिन्यात घेतला? आम्ल कधी टाकलं? ब्लँक कुठे आहे?’ हे विचारायला आयसीपी यंत्र लागत नाही. महाविद्यालयात ते एकदा आपल्या हाताने केलेलं असावं लागतं.

या व्याख्यानाचे श्रोते पुष्कळसे शिक्षक आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. येत्या सत्रात निदान एका प्रयोगाची पहिली ओळ बदलून पाहा, आणि मुलांनी ‘शंका’च्या खणात काय लिहिलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.